खडूच्या रेषांवरचा महासागर



किल्ला पाहावयास जाणाऱ्या माणसाला तेथें काय दिसतें? तट दिसतात, बुरूज दिसतात, पडलेलीं खिंडारें दिसतात, आणि बरोबरचा वाटाड्या जें सांगतो तें ऐकूं येतें. हा वाटाड्या नेहमीं शेवट आधीं सांगतो. वसईच्या तटापाशीं उभें राहिलें कीं १७३९ सालच्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं हा किल्ला घेतला, हें वाक्य प्रथम कानीं पडतें. आणि एकदां तें कानीं पडलें म्हणजे तत्पूर्वींचा दीर्घ वेढा, त्यांतील धाकधूक, फसलेले हल्ले आणि चुकलेले अंदाज हीं सर्व त्या शेवटाकडे सरळ चालत गेल्यासारखीं भासूं लागतात. वस्तुतः तटाखालीं मोर्चा धरून बसलेल्या शिपायाला उद्यां काय होणार, हें मुळींच ठाऊक नव्हतें. दगड आपल्याला निकाल सांगतात. निकालापूर्वींचें अज्ञान कांहीं सांगत नाहींत.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलेला एक साधा शाळामास्तर. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकवितांना ही उणीव मला सतत जाणवत आली. लढाईचा धडा वाचून झाला म्हणजे एखादा हुशार मुलगा उठून विचारी, “गुरुजी, त्या सेनापतीला इतकें साधें कसें कळलें नाहीं?” ह्या प्रश्नाचें उत्तर पाठ्यपुस्तकांत नसे. आज मी आपणांस जी हकीकत सांगणार आहें, तींत मला ह्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें असें वाटतें. तें सांपडलें परदेशांतील एका बंदराच्या शहरांत, आणि तें देणारी माणसें युद्धाचा खेळ खेळणारी होतीं.

माझी कन्या व जांवई इंग्लंडांत लिव्हरपूल येथें राहतात. त्यांच्याकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां मीं तें शहर पायीं हिंडून पाहिलें. लिव्हरपूल हें मर्सी नदीच्या मुखाशीं, पश्चिम किनाऱ्यावर वसलेलें आहे. आपल्या मुंबईप्रमाणेंच त्याचा संसार समुद्रानें चालविला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेहून येणारें धान्य, तेल, पोलाद आणि दारूगोळा ह्यांचा फार मोठा भाग ह्याच बंदरांत उतरत असे. आणि म्हणूनच जर्मन विमानांनीं ह्या शहराला भाजून काढलें. १९४१ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या सात रात्रींत येथें व आसपास सुमारें सतराशें माणसें मेलीं. त्याच आठवड्यांत जळालेलें सेंट ल्यूकचें चर्च नागरिकांनीं पुन्हां बांधलें नाहीं. छप्पर नसलेल्या त्याच्या भिंती स्मारक म्हणून तशाच उभ्या ठेविल्या आहेत. नदीकांठीं पिअर हेड नांवाच्या धक्क्यावर कॅप्टन वॉकर ह्या नौसेनाधिकाऱ्याचा पुतळा आहे. पाणबुड्यांचा पाठलाग करण्यांत ह्याच्या तोडीचा अधिकारी त्या काळीं नव्हता असें मानतात. १९४४ सालच्या जुलैमध्यें अतिश्रमानें तो वारला. पुतळा मात्र १९९८ सालीं उभारला गेला.

हीं स्थळें पाहून झाल्यावर मी नगरभवनामागील रम्फर्ड रस्त्यावर गेलों. तेथें डर्बी हाउस नांवाच्या कचेऱ्यांच्या इमारतीखालीं एक तळघर आहे. १९४१ सालच्या फेब्रुवारींत ब्रिटिश आरमाराचें ‘वेस्टर्न ॲप्रोचेस’ हें ठाणें, म्हणजे अटलांटिक महासागरांतून येणाऱ्या जहाजांच्या रक्षणाचें मुख्य केंद्र, प्लिमथहून येथें हलविण्यांत आलें. वर सात फूट जाडीचें काँक्रीटचें छत आणि खालीं सुमारें शंभर खोल्या. १९९३ पासून तें वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांस खुलें करण्यांत आलें. मधल्या दालनांत भिंतभर महासागराचा नकाशा आहे. त्यावर जहाजांच्या काफिल्यांच्या खुणा सरकविण्यासाठीं तरुण मुली उंच शिड्यांवर चढत उतरत असत.

त्या नकाशापुढें उभें राहिलों तरी मनांत तोच जुना प्रश्न होता. नकाशावर जहाजांच्या जागा दिसतात, पण शत्रूची पाणबुडी नेमकी कोठें आहे, तें त्या वेळीं त्या खोलींतील कोणासहि खात्रीनें ठाऊक नव्हतें. ह्या अज्ञानाची किंमत किती होती, तें आधीं पाहूं.

१९४० सालच्या ऑक्टोबरमध्यें एस. सी. ७ ह्या नांवाचा पस्तीस जहाजांचा काफिला कॅनडाहून इंग्लंडकडे येत होता. त्यांपैकीं वीस जहाजें जर्मन पाणबुड्यांनीं बुडविलीं. त्याच्या एक महिना आधीं, सप्टेंबरच्या १७ तारखेच्या रात्रीं, लिव्हरपूलहून निघालेली ‘सिटी ऑफ बनारस’ ही आगबोट बुडाली. बाँबहल्ल्यांपासून वांचविण्यासाठीं कॅनडास पाठविलेलीं नव्वद मुलें तीवर होतीं. त्यांतील सत्त्याहत्तर मेलीं. बोटीच्या नोकरवर्गांत हिंदी खलाशांचा भरणा मोठा होता. त्या नोकरवर्गापैकीं शंभरांहून अधिक माणसें बुडालीं. एका होडींतील माणसें आठ दिवस समुद्रावर तरंगत राहून वांचलीं, त्यांत सहा मुलगे होते. काशीचें नांव धारण करणारी ती बोट आणि थंड महासागरांत गोठून मेलेले ते खलाशी ह्यांची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, संरक्षक जहाजें सोबत असूनहि असें कां होत होतें? त्या जहाजांपाशीं ॲस्डिक नांवाचें यंत्र होतें. पाण्याखालीं ध्वनि सोडावा, आणि पाणबुडीवर आपटून तो परत आला कीं तिची जागा कळावी, अशी त्याची रचना. पण जर्मन पाणबुड्या रात्रीं पाण्याखालीं राहतच नसत. त्या पृष्ठभागावरून, काळोखांत, काफिल्याच्या दुप्पट वेगानें येत. पृष्ठभागावरची पाणबुडी ॲस्डिकला ऐकूं येत नसे आणि तिचा ठेंगणा आकार डोळ्यांना दिसत नसे. जहाजावर टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, आदळून स्फोट झाला कीं संरक्षक जहाजें काफिल्यापासून दूर बाहेर धांवत जात, आकाशांत प्रकाशगोळे सोडीत आणि शून्य समुद्र पाहून परत येत. शत्रू बाहेरून बाण मारून पळाला असणार, हें त्यांनीं गृहीत धरलें होतें.

हें गृहीत तपासून पाहिलें तें एका खेळानें. त्या खेळाचें मूळ शोधूं गेलें तर तें आपल्याच देशापर्यंत येतें. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ह्या सेनेच्या चार अंगांवरून ज्याचें नांव पडलें तो आपला चतुरंग. त्यापासून इराणांत, अरबांत आणि पुढें युरोपांत बुद्धिबळें गेलीं. परंतु बुद्धिबळांत एक मोठी उणीव आहे. दोघांहि खेळाडूंना सर्व पट दिसतो. शत्रूचा घोडा कोठें आहे, हें विचारावें लागत नाहीं. खऱ्या रणांत तर सर्व घोळ तेथेंच असतो. प्रशियांतील रायस्विट्झ नांवाच्या सरकारी अधिकाऱ्यानें १८१२ सालीं आपल्या राजाला एक नवा रणखेळ दाखविला, आणि त्याच्या मुलानें, जो तोफखान्यांत अधिकारी होता, १८२४ सालीं त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. चौकोनांचा पट जाऊन खरा नकाशा आला. दैवाचा भाग फाशांकडे सोंपविला. आणि मुख्य म्हणजे दोन पक्षांमध्यें एक पंच बसविला. खेळाडूनें आपला हुकूम पंचाला द्यावयाचा आणि पंचानें त्याला तेवढेंच सांगावयाचें, जेवढें त्या जागीं उभ्या असलेल्या सेनापतीला दिसलें असतें. प्रशियन सेनाप्रमुख म्यूफलिंग हा प्रथम कंटाळत पाहावयास बसला, आणि पाहतां पाहतां हा खेळ नसून युद्धाचें शिक्षणच आहे असें उद्गारला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे.

पुढें हा खेळ समुद्रावरहि गेला. पोर्ट्समथ ह्या इंग्लंडच्या आरमारी बंदरांत राहणाऱ्या फ्रेड जेन नांवाच्या चित्रकार-लेखकानें १८९८ च्या सुमारास आरमारी लढाईचा खेळ प्रसिद्ध केला. जगांतील लढाऊ जहाजांची जी सचित्र सूची त्याच्या नांवानें आजहि निघते, ती त्याच सालीं सुरू झाली. त्याच पोर्ट्समथमध्यें आरमाराची डावपेचांची शाळा होती, आणि तेथें १९३५ नंतर दोनएक वर्षें गिल्बर्ट रॉबर्ट्स नांवाचा एक अधिकारी काम करीत होता. १९३८ सालीं त्याला क्षयरोग झाला आणि आरमारानें त्याला निवृत्त केलें. समुद्रावर जाण्यास निकामी ठरलेल्या ह्या माणसाला १९४२ च्या जानेवारींत लिव्हरपूलला पाठविण्यांत आलें. अटलांटिकमध्यें नक्की काय घडतें आहे तें शोधून काढ आणि त्यावर उपाय सांग, एवढेंच काम त्याला दिलें होतें.

डर्बी हाउसच्या परिसरांतील इमारतीचा सर्वांत वरचा मजला त्याला मिळाला. मदतीला आरमाराच्या स्त्री-विभागांतील मुली मिळाल्या. ह्या विभागाच्या स्त्रियांना ‘रेन’ म्हणत. विशीच्या आंतबाहेरच्या ह्या मुलींनीं कधीं समुद्रावर लढाई पाहिली नव्हती. त्यांतील जीन लेडलॉ हिशेबाच्या कामांत तयार झालेली होती. जॅनेट ओकेल हिच्यासारख्या दुसऱ्या कांहीं शाळा सोडून थोडाच काळ झालेल्या होत्या. ह्या संस्थेचें नांव वेस्टर्न ॲप्रोचेस टॅक्टिकल युनिट. युद्ध संपेपर्यंत साठांहून अधिक मुलींनीं तींत काम केलें.

त्यांचा महासागर म्हणजे खोलीची जमीन. तीवर समान अंतरावर रेषा आंखल्या होत्या. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल. लहान लहान लांकडी जहाजें त्यावर मांडीत. शिकावयास आलेले अधिकारी भोंवतालच्या पडद्यांआड बसत. पडद्याला बारीकशी फट असे, आणि काळोख्या रात्रीं जहाजावरून जितकें दिसेल तितकेंच त्या फटींतून दिसे. प्रत्येक डावाला दोन मिनिटें. तेवढ्यांत आपलें जहाज कोठें वळवायचें तें लिहून द्यावयाचें. मुली तो हुकूम नेऊन जमिनीवर खडूनें रेषा काढीत. संरक्षक जहाजांची वाट पांढऱ्या खडूनें, पाणबुडीची वाट हिरव्या खडूनें. आणि हा हिरवा रंग असा निवडलेला कीं फटींतून पाहणाऱ्याला तो दिसूं नये. डाव संपला म्हणजे पडदे बाजूला सारीत. मग तो अधिकारी जमिनीवर वांकून पाही, आणि आपण ज्या दिशेला धांवलों तिच्या पाठीमागून हिरवी रेषा कशी सुखरूप निघून गेली, हें त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसे.

पहिलेंच मोठें कोडें ह्या जमिनीवर सुटलें. १९४१ च्या डिसेंबरमध्यें जिब्राल्टरहून निघालेल्या एच. जी. ७६ ह्या काफिल्याची नोंद रॉबर्ट्सनें पुढें घेतली. ह्या काफिल्याचा रक्षक म्हणजे धक्क्यावर ज्याचा पुतळा आहे तो वॉकरच. स्फोट होतांच सर्व संरक्षकांनीं बाहेर धांवून जावें, अशी त्याची योजना होती. रॉबर्ट्स व त्याच्या साहाय्यक मुली ती रात्र जमिनीवर पुन्हां पुन्हां मांडूं लागल्या. घाव बसलेलें जहाज काफिल्याच्या मध्यभागीं होतें. पाणतिराचा पल्ला आणि जहाजांच्या रांगा ह्यांचा मेळ घालूं गेल्यावर बाहेरून मारलेला पाणतीर तेथवर पोंचणें जुळेना. मग पाणबुडी आंतच असली पाहिजे. आणि ती आंत आली असेल तर मागूनच आली असली पाहिजे, कारण पहारेकऱ्यांचे डोळे पुढें व बाजूंना लागलेले असतात. दोन रांगांच्या मधून येऊन, जवळून नेम धरून, पाणतीर सोडून ती पाण्यांत बुडी मारते आणि काफिल्याला आपल्यावरून जाऊं देते. संरक्षक बाहेर धांवत असतांना ती काफिल्याच्या पिछाडीला, निश्चल अशी, पाण्याखालीं असते.

असा विचार सुचल्यावर उपाय सोपा झाला. संकेत मिळतांच संरक्षकांनीं बाहेर न जातां मागें यावें आणि काफिल्याच्या पिछाडीचा समुद्र ठराविक रेषांनीं, ॲस्डिक चालू ठेवून, झाडून काढावा. पाणबुडी आतां पाण्याखालीं असल्यामुळें ॲस्डिकला ती सांपडते. ह्या युक्तीला ‘रास्पबेरी’ हें फळाचें नांव जीन लेडलॉनें दिलें. इंग्रजी बोलीभाषेंत ह्या शब्दाचा दुसरा अर्थ तोंडानें आवाज काढून केलेली टवाळी असा आहे, आणि ती हिटलरला उद्देशून होती. ठाण्याचे प्रमुख ॲडमिरल सर पर्सी नोबल हे प्रथम साशंक मनानें पाहावयास आले. पाहून गेल्यावर त्यांनीं ही युक्ति सर्व संरक्षक जहाजांना कळविण्याची व्यवस्था केली. त्यानंतर दर आठवड्याला अधिकाऱ्यांचा नवा वर्ग भरूं लागला. १९४५ च्या जुलैअखेर ही शाळा बंद होईपर्यंत सुमारें पांच हजार अधिकारी येथें शिकून गेले. नोबल ह्यांच्या जागीं १९४२ च्या नोव्हेंबरांत आलेले ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः पहिल्या महायुद्धांतले नांवाजलेले पाणबुडे. त्यांनीं एकदां पाणबुडीचा पक्ष घेऊन डाव मांडला आणि पडद्याआडच्या प्रतिस्पर्ध्यानें त्यांना पांच वेळां बुडविलें. तो प्रतिस्पर्धी म्हणजे जॅनेट ओकेल, असें सांगतात.

ह्या खेळानेंच युद्ध जिंकलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. रडार, दूर पल्ल्याचीं विमानें, बिनतारी संदेशांची दिशा ओळखणारीं यंत्रें, विमानवाहू लहान जहाजें आणि जर्मनांच्या गुप्त लिपीचा उलगडा, हीं सर्व कारणें एकत्र आलीं, तेव्हां १९४३ सालच्या मे महिन्यांत जर्मनीच्या एकेचाळीस पाणबुड्या नाहींशा झाल्या, आणि त्याच महिन्यांत ॲडमिरल ड्यूनिट्झला उरलेल्या पाणबुड्या उत्तर अटलांटिकमधून मागें घ्याव्या लागल्या. परंतु यंत्र हातीं असणें आणि तें कोठें रोखावें हें कळणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲस्डिक १९४० सालींहि होतेंच. तें चुकीच्या बाजूला रोखलेलें होतें.

हें सर्व मीं संग्रहालयांत व ग्रंथांत पाहिलें. खेळणारीं जिवंत माणसें मला नंतर भेटलीं. जांवयाच्या ओळखीनें एका शनिवारीं दुपारीं मी शहरांतील एका सभागृहांत गेलों. तेथें दहाबारा मंडळी मोठाल्या टेबलांभोंवतीं जमलीं होतीं. कोणी गोदीच्या कचेरींतून निवृत्त झालेला, कोणी इस्पितळांत परिचारिका, दोन विद्यार्थी, एक शिक्षिका. एका टेबलावर नेपोलियनच्या काळांतील रंगविलेले शिपाई मांडले होते. दुसऱ्या टेबलावर, मधें कापडी पडदा लावून, अटलांटिकमधील एक रात्र चालू होती. मला पंचाशेजारीं खुर्ची मिळाली. त्यामुळें दोन्ही बाजू मला दिसत होत्या आणि खेळणाऱ्यांना नव्हत्या.

तीन तास मी तेथें बसलों होतों. त्या तीन तासांत मला जें दिसलें तें असें. पडद्याआड बसलेली परिचारिका अत्यंत समंजस बाई होती; तिचे हुकूम प्रत्येक वेळीं तिला मिळालेल्या माहितीस धरून बरोबर होते; आणि तरीहि तिचीं जहाजें एकेक करून बुडत होतीं, कारण तिला मिळणारी माहिती दोन डाव जुनी असे. मी वरून सर्व पाहत होतों म्हणून ‘हिला इतकें साधें कसें कळत नाहीं’ असें माझ्या मनांत येऊं लागलें. आणि येतांच तो वर्गांतला हुशार मुलगा मला आठवला. इतिहास वाचणारा प्रत्येक जण पंचाच्या खुर्चींत बसलेला असतो. सेनापति पडद्याआड असतो. एवढें ध्यानांत आलें कीं पराभूतांविषयीं बोलतांना आपली जीभ आपोआप सांवरते, आणि विजयी पुरुषांची थोरवीहि अधिक खरी वाटूं लागते, कारण त्यांनाहि शेवट ठाऊक नव्हता.

डाव संपल्यावर चहा झाला. मनांतली एक शंका मीं त्या मंडळींना मोकळेपणानें विचारली. ज्या पाण्यांत खरीं माणसें बुडून मेलीं, त्याचा खेळ करून करमणूक करणें योग्य आहे काय? क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग तो गोदींतून निवृत्त झालेला गृहस्थ म्हणाला कीं, हा प्रश्न आम्हीहि एकमेकांना विचारतों. त्याचे वडील व्यापारी जहाजावर भट्टीच्या कामाला होते. दोनदां त्यांचें जहाज बुडालें आणि दोनदां ते वांचले. घरीं त्यांनीं त्याविषयीं एक शब्दहि काढला नाहीं. वडिलांच्या डोक्यावर, वरच्या डेकवर काय चाललें असेल, हें समजून घेण्यासाठीं मी खेळूं लागलों, असें त्यानें सांगितलें. नंतर त्यानें मला माझें गांव विचारलें. मीं रत्नागिरी जिल्हा म्हणतांच तो म्हणाला, “म्हणजे वडिलांच्या बरोबरीचे लोक तुमच्याकडचे.”

त्याचें म्हणणें खरें होतें. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचें काम करणाऱ्या खलाशांत रत्नागिरी व कोंकणकिनाऱ्याचीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आलीं. खानपानाच्या व्यवस्थेंत गोव्याचे लोक असत. आणि यंत्रखान्यांत व डेकवर पंजाब, सिल्हेट, चितगांव येथलेहि पुष्कळ असत. युद्धकाळांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे हिंदी खलाशी हजारोंनीं होते. गोऱ्या खलाशांच्या मानानें त्यांचा पगार पुष्कळच कमी होता, आणि राहण्याच्या जागा दाटीच्या होत्या. लिव्हरपूलमधील त्या जमिनीवर जें लांकडी जहाज हातानें उचलून बाजूला ठेवीत, त्याच्या पोटांत ह्या माणसांचीं बिऱ्हाडें होतीं.

येथेंच युद्धक्रीडेची मर्यादा दिसते. ती निर्णयाचें अज्ञान शिकविते. पण निर्णय चुकल्यावर मरणाऱ्याचें नांव तिला सांगतां येत नाहीं. पटावरून उचललेलें जहाज पुढच्या शनिवारीं पुन्हां मांडतां येतें. अटलांटिकच्या ह्या झुंजींत दोस्त राष्ट्रांच्या बाजूचे तीस हजारांहून अधिक व्यापारी खलाशी मेले; जर्मन पाणबुड्यांवरील माणसेंहि सुमारें तितकींच मेलीं, आणि त्यांच्यांतील प्रमाण असें कीं चारांतले तीन परत आले नाहींत. त्या शाळेंतील मुलींना हें पूर्ण ठाऊक होतें. आठवडाभर शिकून गेलेला अधिकारी पुढच्या महिन्यांत समुद्रावरच राहिला, अशी बातमी त्यांना ऐकावी लागे. म्हणूनच त्यांचा खेळ पोरखेळ झाला नाहीं. ह्या मुलींचें काम पुष्कळ वर्षें फारसें कोणास माहीत नव्हतें. अलीकडे व्यावसायिक युद्धक्रीडकांनीं, आपल्या क्षेत्रांत स्त्रियांना व इतर वगळल्या गेलेल्या लोकांना समान स्थान असावें म्हणून २०२० सालीं जीं तत्त्वें जाहीर केलीं, त्यांस त्यांनीं डर्बी हाउसचें नांव दिलें आहे.

माझ्या शिक्षकबंधूंस मी एक सूचना करूं इच्छितों. लढाईचा धडा शिकवितांना एकदां तरी शेवट लपवून ठेवा. फळ्यावर नकाशा काढा. वर्गाचे दोन भाग करा. एका भागाला वर्गाबाहेर उभें करा. आणि प्रत्येकाला फक्त तेवढेंच सांगा, जेवढें त्या दिवशीं त्या पक्षाला ठाऊक होतें. पाऊस कधीं उघडेल, मदत कधीं पोंचेल, सुरुंग फुटेल कीं भिजेल, हें त्यांना ठरवूं द्या. ह्याला पैसा लागत नाहीं, खडू पुरतो. आणि शेवटीं, पडदा दूर केल्यावर, मेलेल्यांची संख्या मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्या, म्हणजे खेळ आणि युद्ध ह्यांतला भेद त्यांच्या मनांतून जाणार नाहीं.

जे मुंबईंत राहतात त्यांच्यासाठीं आणखी एक गोष्ट. मस्जिद बंदर भागांत इंडियन सेलर्स होम नांवाची खलाशांसाठीं बांधलेली इमारत आहे. समुद्रांत नाहींशा झालेल्या आणि म्हणून ज्यांची कबर वा समाधि कोठेंहि नाहीं, अशा हिंदी नाविकांचें व खलाशांचें स्मारक तेथें आहे. दुसऱ्या महायुद्धाचें स्मारक हें खांबाच्या वा पुतळ्याच्या रूपानें नाहीं. तें नांवांचें एक बांधीव पुस्तक आहे. त्यांत सुमारें सहा हजार नांवें आहेत, आणि त्याच नांवांचें दुसरें पुस्तक चितगांव येथें ठेविलेलें आहे. लिव्हरपूलचा नकाशा पाहावयास इतक्या दूर जाणें प्रत्येकास शक्य नाहीं. पण हें पुस्तक आपल्या शहरांत आहे. कोंकणांतून येऊन मुंबईकर झालेल्या कुटुंबांनीं चौकशी करून एकदां तेथें अवश्य जावें. पानें उलटतांना आपल्या गांवचें आडनांव सांपडण्याचा संभव बराच आहे.